द्वादशीला निघा, चतुर्दशीला परत या

वाचकाचे पत्र: मी फोंड्याला राहते, माझे माहेरही याच तालुक्यातले, सासर कऱ्हाडचे. सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ७४ वर्षांचे आहेत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि त्यांचा उजवा गुडघा दुखतो. सासूबाई ६९ वर्षांच्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, आहार पूर्ण शाकाहारी आणि एकादशी न चुकता. दर हिवाळ्यात दोघे महिनाभर आमच्याकडे येतात आणि तो महिना फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर संपतो. यंदा त्यांना दोन रात्री बेटावर न्यावे असे वाटते. नवऱ्याच्या मनात लक्षद्वीप आहे, माझ्या मनात मांडवी नदीतले दिवाडी. नणंद म्हणते, ‘या वयात बेटावर कशाला? रात्री काही झाले तर?’ सासूबाईंना विचारले तर ‘आम्हाला काय, तुम्ही न्याल तिथे येऊ’ असे म्हणतात, आणि नेले की चेहरा उतरतो. ३ डिसेंबरच्या सुटीला जोडून रजा मिळेल. आखलेला कार्यक्रम सोबत पाठवते आहे. नवरा म्हणतो, ‘तूच ठरव.’ आणखी एक, माझी आई सावईवेऱ्याला एकटी असते. तिलाही न्यावे का?

उत्तर:

तुमच्या पत्राआधी मी सोबतचा कार्यक्रम वाचला आणि माझे गुडघे अजून शाबूत असूनही ते दुखल्यासारखे झाले. तीन दिवसांत अकरा ठिकाणे, त्यांत एका सकाळी डॉल्फिन पाहायला बोट आणि त्याच दुपारी चोडणचे अभयारण्य! मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा ही दोन देवळे तुम्ही या सहलीत घातली आहेत, पण ती तुमच्याच तालुक्यात आहेत. सासू-सासरे महिनाभर तुमच्या घरी असताना ती कोणत्याही सकाळी उरकता येतील आणि दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल. ग्रांदी बेटाच्या सफरीवर मी सरळ रेघ मारली आहे. त्या बोटीत चढउतार करताना एक पाय धक्क्यावर आणि दुसरा हलत्या बोटीत, असा एक क्षण येतो, आणि तो क्षण दुखऱ्या उजव्या गुडघ्याला झेपणारा नाही. रेघा मारून झाल्यावर अकरांतली तीन ठिकाणे उरली, आणि ती तिन्ही पुरेशी आहेत.

लक्षद्वीपचा प्रश्न आधी मिटवू. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून अगत्ती बेटाला थेट विमानसेवा २०२४ मध्ये सुरू झाली, म्हणून तुमच्या यजमानांना ते बेट अंगणात आल्यासारखे वाटत असावे. परंतु तिथे जायला प्रवेश परवाना काढावा लागतो, एका बेटावरून दुसऱ्यावर जायचे तर पुन्हा बोट येते, आणि अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला मोठ्या रुग्णालयाची गरज पडली तर मधे अरबी समुद्र उभा असतो. तब्येत सांभाळून आठ दिवसांसाठी जायचे असेल तर त्याचा विचार जरूर व्हावा. दोन रात्रींसाठी एवढा खटाटोप करू नये. दिवाडीचे पाणी पाच-सात मिनिटांचे आहे. तेवढ्या वेळात माणूस मुलुख सोडून बेटावर आल्याचा आनंद पुरेपूर घेतो, आणि नणंदेला फोन लावायचा ठरवला तर तो लागेपर्यंत आपण पलीकडे पोहोचलेले असतो.

आता तारखेविषयी. ३ डिसेंबरला गोव्यात सुटी असते ती सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तामुळे, म्हणजे उत्सवामुळे, आणि ते फेस्त जुने गोवे येथे भरते, म्हणजे दिवाडीला जाण्याच्या तुमच्या मुख्य फेरीधक्क्याच्या तोंडाशीच. नोव्हेंबरच्या २४ तारखेपासून तिथे नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात आणि त्या दिवसांत गाड्यांच्या रांगा, चालत येणारे भाविक आणि फेस्तातली दुकाने यांतून वाट काढावी लागते. ज्या कारणाने तुम्हाला सुटी मिळते, तेच कारण तुमच्या वाटेत उभे आहे. रायबंदरच्या धक्क्यावरूनही दिवाडीला जाता येते हे खरे, पण त्या आठवड्यात त्या रस्त्यालाही उसंत नसते. नाताळ आणि नववर्ष यांचे भाव तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. तेव्हा जानेवारीचा उत्तरार्ध धरा. थंडी सुखद असते, रस्ते मोकळे होतात, आणि राहण्याच्या जागा पुन्हा माणसांशी नीट बोलू लागतात.

जानेवारीतला दिवस कोणता, हे मात्र पंचांगावरून ठरवावे अशी माझी सूचना आहे, आणि त्याचे कारण धार्मिक नाही. आपल्या किनाऱ्यावरची जुनी माणसे भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. द्वादशीला नऊच्या सुमारास भरती, चतुर्दशीला साडेदहाच्या. हा हिशेब मिनिटाचा नाही, थोडा पुढेमागे होतो, पण सहलीसाठी तो पुरतो. मांडवीत भरती-ओहोटीचे पाणी पुरुषभर चढते-उतरते आणि फेरीधक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेली सिमेंटची घसरण. पाणी भरलेले असते तेव्हा फेरीबोट वर येऊन लागते आणि जेमतेम पाच पावले उतरायचे असते. ओहोटीला तीच बोट खाली लागते, आणि एरवी पाण्याखाली असणारा, शेवाळाने हिरवा झालेला भाग उघडा पडतो. त्यावरून आपण पोरासोरांना धरून झपझप उतरतो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तिथे थबकतो, मागून गाडीवाला भोंगा वाजवतो, आणि सहलीची सुरुवात अपमानाने होते.

म्हणून एकादशी घरी पार पडू द्यावी, द्वादशीच्या सकाळी सासूबाईंनी फोंड्यातच पारणे करावे, आणि साडेनऊच्या सुमारास तुम्ही जुन्या गोव्याच्या धक्क्यावर असावे. त्रयोदशीचा पूर्ण दिवस बेटावर मिळतो. चतुर्दशीला न्याहारी करून दहा-साडेदहाला भरल्या पाण्यात परत फिरता येते. सासूबाईंना हे आखणीचे गणित सांगा. उपवास असलेल्या दिवशी परक्या घरात ‘तुमच्याकडे साबुदाणा आहे का’ असे विचारावे लागणार नाही, याचे त्यांना किती बरे वाटेल हे मी त्यांना न पाहताही सांगू शकते. शिवाय सुनेने पंचांग उघडून सहल ठरवली ही गोष्ट कऱ्हाडात वर्षभर पुरेल. (एकादशीच्या दिवशी मधुमेहाच्या गोळ्यांचे काय करायचे हे त्यांच्या डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारून घ्यावे. ‘उपवास आहे म्हणून गोळी नाही’ आणि ‘गोळी घेतली पण पोटात काही नाही’ हे दोन्ही प्रकार घरोघर चालतात, आणि दुसरा अधिक धोक्याचा आहे.)

फेरीबोटीत त्यांना गाडीतच बसवून न्यावे, असे तुम्हाला वाटेल, कारण त्यात चालणे वाचते. मी तसे करीत नाही. त्या उतारावरून गाडी घसरून पाण्यात गेल्याचे प्रकार गोव्यात घडलेले आहेत, आणि बोटीवर गाड्या इतक्या खेटून लावतात की दार उघडायला जागा उरत नाही. धक्क्याच्या वरच्या बाजूलाच दोघांना उतरवा. आलेली बोट पूर्ण रिकामी होईपर्यंत कडेला थांबा, मग मुलाने वडिलांच्या उजव्या बाजूला राहून त्यांचा उजवा हात धरावा आणि त्यांनी डाव्या हातात काठी घ्यावी. दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. गाड्या चढण्याआधी चालणाऱ्यांना चढू द्या म्हणून बोटीवरच्या माणसाला सांगितले तर तो बहुधा थांबतो, वडीलधारी माणसे दिसली की नक्कीच थांबतो. कडेच्या बाकावर एकदा बसले की काम झाले. नदी परिवहन खात्याच्या या बोटींत बसून मी आयुष्यातली कितीतरी वर्तमानपत्रे वाचली आहेत, तरी म्हाताऱ्या माणसाला घेऊन चढताना अजूनही माझे लक्ष फक्त त्यांच्या पायांकडे असते.

याला कारण आहे. माझे सासरे हयात असताना मी त्यांना आणि सासूबाईंना असेच एका बेटावर दोन दिवस नेले होते. पाण्याचा हिशेब केला नव्हता. ओहोटी होती, सासऱ्यांची चप्पल शेवाळावर सरकली आणि ते बसले. पडले नाहीत, अलगद बसले, पण पांढरे धोतर पाठीमागून हिरवे झाले. ते काही बोलले नाहीत. ज्या घरात आम्ही उतरणार होतो त्याच्या मालकाने फोनवर ‘खोली तळमजल्यावरच आहे’ असे सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. तळमजला मात्र जमिनीपासून सात पायऱ्या वर होता, कठडा नव्हता, आणि न्हाणीघर मागच्या अंगणात आणखी तीन पायऱ्या उतरून होते. सासरे दोन दिवस बलकावावर, म्हणजे घराच्या दर्शनी ओट्यावर, बसून राहिले. ‘मला इथे छान वाटते आहे’ असे ते म्हणत राहिले, आणि मी त्यावर विश्वास ठेवला, कारण तो ठेवणे मला सोयीचे होते. रात्री ते पाणीच पीत नव्हते हे मला तिसऱ्या दिवशी कळले. न्हाणीघराच्या त्या तीन पायऱ्या अंधारात उतराव्या लागू नयेत, म्हणून.

तेव्हा घर ठरवताना फोटो पाहू नका. फोटोत जुन्या गोव्याच्या शिंपल्यांच्या खिडक्या सुंदर दिसतात आणि पायऱ्या दिसतच नाहीत. मालकाला सांगा की फाटकापासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून शौचालयापर्यंत चालत एक व्हिडिओ काढून पाठवावा. जो टाळाटाळ करील त्याचे घर सोडून द्यावे. व्हिडिओत पायऱ्या मोजा, कठडा पाहा, शौचालय खोलीला लागून आणि खुर्चीसारखे आहे ना ते पाहा, फरशी गुळगुळीत असेल तर रबरी चटई आपली घेऊन जा, आणि खाटेची उंची विचारा: फार खाली असलेल्या खाटेवरून गुडघेदुखीचा माणूस सकाळी उठताना दोनदा मागे पडतो. बलकावावरची बसायची बाके दगडी आणि सखल असतात. एक हाताची खुर्ची बाहेर काढून द्यावी एवढी विनंती आधीच करून ठेवावी. एक प्लगचा रात्रीचा दिवा घरून न्या, त्याचे वजन काहीच नाही. आणि स्वयंपाकघरात सकाळी पाच वाजता जाऊन चहा करण्याची मुभा आहे का, हे विचारायला विसरू नका. तुमचे सासू-सासरे पाचला उठत असणार, तुम्ही आठला. ते तीन तास चहाविना बसले तर पुढचा सगळा दिवस बिघडेल आणि का बिघडला ते तुम्हाला कोणी सांगणार नाही.

जेवणाच्या बाबतीत घरमालकिणीशी तुम्ही स्वतः कोकणीतून बोला. ‘शिवराक’, म्हणजे शाकाहारी, एवढा शब्द पुरेसा नाही; मासळीचे भांडे वेगळे असावे, हे सौम्यपणे पण स्पष्ट सांगावे, आणि त्यासाठी दोन पैसे जास्त मोजायची तयारी ठेवावी. खतखते, मुगागाठी, सोलकढी आणि साधा भात-वरण यांत दोन दिवस उत्तम जातात. मणगणे ही गुळाची खीर केलीच तर सासूबाईंच्या वाटीत दोन चमचे. वेळ मात्र ठरलेली हवी. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की घेतल्यावर जेवण लांबले तर रक्तातली साखर एकदम खाली येते. कपाळाला घाम, हात थरथरणे, उगाचच चिडचिड ही त्याची चिन्हे. तशी शंका आली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग जेवायला बसवावे. साखरेची पुडी सासूबाईंच्या पर्समध्ये असू द्या, तुमच्या बॅगेत नको. आबांच्या हृदयाच्या गोळ्या, विशेषतः रक्त पातळ ठेवणारी, एक दिवसही चुकता कामा नये. चार दिवसांच्या जास्त घ्या, आणि त्या अंगावरच्या पिशवीत ठेवा, कारण गाडीची डिकी उन्हात तापते आणि नेमकी गरज असते तेव्हा ती नदीच्या दुसऱ्या तीरावर असते. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांचा होकार घ्यावा, आणि शेवटचा ईसीजी व औषधांची यादी सोबत ठेवावी.

आता उरलेल्या तीन ठिकाणांबद्दल. पहिल्या दिवशी जेवून सगळ्यांनी झोपावे आणि संध्याकाळी गाडीने पियेदादच्या टेकडीवर जावे. चर्चपर्यंत रस्ता आहे. तिथून मांडवीपलीकडचे जुने गोवे दिसते, त्यात से कॅथेड्रलचा एकच उरलेला मनोरा. दुसरा १७७६ मध्ये कोसळला. अर्धा तास पुरे.

दुसऱ्या दिवसाची सकाळ मात्र जपून वापरा, कारण ती आबांची आहे. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाला नार्वे नावाचे गाव आहे. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे तिथले, आणि त्या देवळाचे कोटितीर्थ नावाचे तळे अजून पाहायला मिळते. वरूनच पाहा, पायऱ्या उतरू नका. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेले, आणि देवाबरोबर गावाचे नावही नदी ओलांडून गेले, म्हणून पलीकडच्या तीरावरही नार्वेच आहे. दोन्ही नार्व्यांमध्ये फेरीबोट चालते. पलीकडच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला, आणि त्याचा शके १५९० असा उल्लेख असलेला शिलालेख देवळाच्या दारावर आहे. अलीकडे सरकारने देवळाचे जतन-काम करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले. कऱ्हाडच्या माणसाला गोव्यात आणून फक्त किनारे दाखवायचे आणि हा दगड दाखवायचा नाही, हे मला पटत नाही. त्या दारापुढे आबांना घाई करू नका. सासूबाईंचे दर्शन आधी होईल आणि त्यांचे वाचन नंतर, असा माझा अंदाज आहे. बाराच्या आत परत या आणि जेवा.

संध्याकाळी, तुमच्या यादीत नसले तरी, त्यांना खाजनाच्या बांधावर न्यावे. तुम्हाला, गोव्यात वाढलेल्या मुलीला, खाजन म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिसणारी हिरवळ. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या माणसाला तो एक जिवंत धडा आहे. खारे पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घालून नदीपासून सोडवून घेतलेली ही शेते भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतात, आणि बांधात जागोजागी मानशी, म्हणजे पाण्याची दारे, बसवलेल्या असतात. मानशीची फळी कोणी माणूस उघडत-मिटत नाही. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने ती मिटते, ओहोटी लागली की आत साचलेल्या पाण्याच्या दाबाने उघडते. ना मोटार, ना वीज. तुमच्या त्रयोदशीला दुपारनंतर, चारच्या सुमारास, ओहोटी असेल, म्हणजे फळी उघडी आणि पाणी बाहेर पळताना दिसेल. तिथे रस्त्याकडेला गाडी थांबवता येते. जवळच्या शेतात कोणी भेटले तर आबांचे आणि त्यांचे बोलणे सुरू करून द्या आणि तुम्ही बाजूला व्हा. एक मराठीत बोलेल, दुसरा कोकणीत, आणि मिठाने भात जळतो की नाही, खारे पाणी सोसणारे कोरगूट कसे पिकते, यावर अर्धा तास सहज जाईल. निवृत्त माणसाला कोणी त्याच्या कामाबद्दल विचारत नाही. त्या अर्ध्या तासात त्यांना कोणीतरी विचारील.

चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य हे तिसरे ठिकाण, आणि ते परतीच्या दिवशी, तेही दोघांची हौस टिकली असेल तरच. रायबंदरहून चोडणला उतरले की अभयारण्य धक्क्याला लागूनच आहे. पावणेदोन चौरस किलोमीटरचे खारफुटीचे रान. आत पायवाट आहे तेवढी चालावी, खंड्या आणि बगळे दिसतात, चिखलात निवट्या उड्या मारतात. होडीत बसू नये: तिची फळी घोट्याएवढ्या उंचीवर असते आणि गुडघा वाकवून खाली बसलेल्या माणसाला वर काढायला दोघे लागतात.

सासूबाईंच्या ‘तुम्ही न्याल तिथे येऊ’ या वाक्याकडे आता वळते. या पिढीच्या बायकांना ‘तुम्हाला काय आवडेल’ असे कोणी विचारले नाही, त्यामुळे त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे तयार नसते. जे उत्तर येते ते संकोचाचे असते, आणि ते आपण होकार समजतो. चेहरा पुढे उतरतो तो ठिकाण आवडले नाही म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा शौचाला कुठे जायचे, खर्च किती झाला, आणि आपल्यामुळे सगळे खोळंबले आहेत का, या तीन गोष्टी मनात घोळत असतात. त्यांना दोन निश्चित गोष्टींतली एक निवडायला सांगा. ‘देवळात सकाळी जाऊ या की दुपारी झोप झाल्यावर?’ ‘जेवण साडेबाराला सांगू की एकला?’ पाहा, उत्तर लगेच मिळेल. खर्चाचा आकडा कोणीही उच्चारू नये, आणि तरीही आबांना एका जेवणाचे किंवा शहाळ्यांचे पैसे देऊ द्यावेत. ते देताना त्यांना अडवू नका. दोघांना एक सकाळ किंवा एक दुपार तुमच्याशिवायही मिळू द्या. बलकावावर दोघेच बसलेले असताना तुम्ही दर दहा मिनिटांनी ‘काही हवे का’ म्हणून बाहेर येऊ नका.

तुमच्या यजमानांविषयी मी थोडे कडक बोलणार आहे. ‘तूच ठरव’ हे वाक्य उदार वाटते, पण त्याचा अर्थ असा की चांगले झाले तर सगळ्यांचे आणि बिघडले तर तुमचे. आईवडील त्यांचे आहेत. वडिलांचा हात धरणे, रात्री त्यांना न्हाणीघरापर्यंत सोबत करणे, गोळ्यांची वेळ पाळणे आणि बहिणीला रोज संध्याकाळी एक फोन करणे ही चार कामे त्यांची, असे निघण्यापूर्वी ठरून जाऊ द्या. सून सासऱ्यांचा हात धरू लागली की त्यांना संकोच होतो. मुलाने धरला तर ते रागावल्याचे सोंग करतात आणि हात सोडत नाहीत.

नणंदेची शंका रास्त आहे आणि तिला उत्तर भावनेने देऊ नका, रस्ता सांगा. तुमची गाडी बेटावर तुमच्याजवळ असेल, १०८ ला फोन लागतो, आणि नदी ओलांडली की बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय गाडीने फार लांब नाही. रात्री फेरीबोटी कमी होतात, म्हणून शेवटची बोट किती वाजता आणि त्यानंतर तातडीची सोय काय, हे पोहोचल्याच्या दिवशीच धक्क्यावर विचारून यजमानांनी तिला कळवावे. डॉक्टरांनी रात्री बेटावर राहण्याबद्दल जरा जरी का-कू केली, तर रायबंदर किंवा जुन्या गोव्याच्या बाजूला मुक्काम करावा आणि दिवसा दिवाडीला जाऊन यावे. सहल तीच राहते, फक्त उशी नदीच्या अलीकडे येते.

राहता राहिला तुमच्या आईचा प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, घाईने लिहिला आहे. मुक्कामाला त्यांना नेऊ नका. दोन विहिणी एका छताखाली दोन रात्री राहिल्या की दोघीही पाहुण्यासारख्या वागतात आणि दोघीही दमतात. त्रयोदशीला दुपारच्या जेवणाला मात्र त्यांना जरूर बोलवा, आणि ते बोलावणे सासूबाईंनी फोन करून द्यावे. सावईवेऱ्याहून त्यांना आणायला यजमानांना पाठवता येईल, पण त्या सकाळी त्यांनी वडिलांबरोबर सप्तकोटेश्वराला असायला हवे. तेव्हा ओळखीच्या रिक्षावाल्याला जुन्या गोव्याच्या धक्क्यापर्यंत सोडायला सांगा आणि बाराच्या बोटीला तुम्ही स्वतः त्यांना घ्यायला उभ्या राहा. येताना त्यांना कुळागरातली केळी आणायची असतील, आणू द्या.